योनिमार्गातील किण्वसंसर्ग : ओळख व उपचार

काही आजार असे असतात की, त्यांना औषध आहे, ते फार महाग नाही, तालुक्याच्या गावी मिळतेही; आणि तरीही रोगी ते वर्षानुवर्षे सोसत राहतो. याचे कारण वैद्यकशास्त्राच्या अपुरेपणात नसून संकोचात असते. स्त्रियांच्या जननमार्गाचे बहुतेक विकार या वर्गात मोडतात. ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढे शब्द मराठी स्त्री उच्चारते, तेही आईजवळ किंवा थोरल्या जावेजवळ, हलक्या आवाजात. हिंदी भाषिक स्त्री त्यालाच ‘सफेद पानी’ म्हणते, तमिळ भाषिक स्त्री ‘वेळ्ळैप्पडुदल’ म्हणते. शब्द निराळे, परंतु त्यांतील रंग तोच आणि त्यांमागील मौनही तेच.

या मौनाची किंमत किती मोठी आहे, हे महाराष्ट्रातच झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची पद्धतशीर तपासणी केली आणि आपले निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शेकडा ९२ स्त्रियांना जननसंस्थेचा कोणता ना कोणता विकार होता. दर स्त्रीमागे विकारांची सरासरी ३.६ होती, आणि या एकूण विकारांपैकी निम्मे जननमार्गाच्या संसर्गांचे होते. परंतु पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार लाभलेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या ८ होत्या. जगभरच्या वैद्यकीय विचारावर या आकड्यांचा परिणाम झाला.

अशा संसर्गांपैकी एकाचा परिचय या पुस्तिकेत करून द्यावयाचा आहे. तो फार धोक्याचा नाही, पण अत्यंत त्रासदायक आहे. तो सर्वत्र आढळतो. आणि योग्य निदान झाल्यास बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत बरा होतो. हा संसर्ग घडवून आणणारा जीव म्हणजे ‘कॅन्डिडा’ नावाचे किण्व होय.

किण्व म्हणजे काय?

पाव फुगतो, ताडी आंबते, ती किण्वांमुळे. इंग्रजीत त्यांना यीस्ट म्हणतात. किण्व हे बुरशीच्याच कुळातले. मात्र भाकरीवर वाढणाऱ्या बुरशीसारखे त्याचे धाग्यांचे जाळे नेहमी दिसत नाही. त्याची पेशी एकटी, लंबगोल आणि अतिशय लहान असते. कॅन्डिडाच्या सुमारे दोनशे पेशी एकीपुढे एक मांडल्या, तर त्यांची रांग एक मिलिमीटर भरेल. पेशीच्या कडेला एक लहानसा कोंब फुटतो, तो वाढतो आणि वेगळा होतो. या रीतीला मुकुलन म्हणतात.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही जाती या कुळात विशेष महत्त्वाची आहे. योनिमार्गातील किण्वसंसर्गांपैकी बहुसंख्य तिच्यामुळेच होतात. तिचे वैशिष्ट्य असे की, ती दोन रूपे धारण करू शकते. शांत असताना ती सुट्या, लंबगोल पेशींच्या रूपात राहते. अनुकूल संधी मिळताच तिच्या पेशी लांबट होऊन तंतू बनतात आणि हे तंतू त्वचेच्या वरच्या थरात शिरतात. या तंतूंमधून पेशींना इजा करणारे एक विष स्रवते, हे २०१६ साली संशोधकांनी उघडकीस आणले. त्यास ‘कॅन्डिडालायसिन’ असे नाव मिळाले आहे. खाज, आग व लाली यांचे मूळ अशा इजेत आणि तिला शरीराने दिलेल्या प्रतिसादात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कॅन्डिडा शरीरात आढळणे म्हणजे रोग असणे नव्हे. तोंड, आतडे व योनिमार्ग येथे ते अनेक निरोगी माणसांत मुकाट्याने राहत असते. कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्रियांपैकी शेकडा १० ते २० जणींच्या योनिमार्गात ते सापडते. त्यांना औषधाची गरज नसते. रोग सुरू होतो तो या भाडेकरूने घर बळकावू लागल्यावर.

नावामागील इतिहास

लहान बाळांच्या जिभेवर कधी कधी दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर बसतो. हा आजार प्राचीन काळापासून वैद्यांना ठाऊक होता. परंतु त्याच्या मुळाशी एक सजीव कवक आहे, हे एकोणिसाव्या शतकात कळले. जर्मनीतील लांगेनबेक यांनी १८३९ साली एका रुग्णाच्या घशातील अशा थरात बुरशी पाहिली. पुढे १८४९ साली विल्किन्सन यांनी योनिस्रावातही कवक आढळत असल्याचे वर्णन केले. हे दोन दिसावयास निराळे विकार एकाच कुळातील कवकांमुळे होतात, ही गोष्ट त्यानंतर क्रमाने स्पष्ट होत गेली.

‘कॅन्डिडा’ हे वंशनाम डच विदुषी क्रिस्टीन बेर्कहाउट यांनी १९२३ साली दिले. लॅटिन भाषेत ‘कॅन्डिडा’ म्हणजे शुभ्र आणि ‘अल्बिकन्स’ म्हणजे पांढरे होत जाणारे. प्रयोगशाळेत पोषक द्रव्यावर या किण्वाचे जे ठिपके उमटतात, ते साईसारखे पांढरट असतात. तेव्हा हे दुहेरी पांढरेपण त्यास शोभूनच दिसते.

शरीराची स्वतःची रखवाली

योनिमार्ग निर्जंतुक नसतो, आणि तो तसा असूही नये. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ साली निरोगी योनिमार्गातील दंडाकार जीवाणूंचे वर्णन केले. दह्यातील जीवाणूंच्या नात्यागोत्यातील हे लॅक्टोबॅसिलस होत. मुलगी वयात आली की, ईस्ट्रोजेन या अंतःस्रावाच्या प्रभावाने योनिमार्गाचे आवरण जाड होते आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा शर्करासाठा जमतो. त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या शर्करांवर हे जीवाणू जगतात आणि दुग्धाम्ल निर्माण करतात. त्यामुळे निरोगी योनिमार्ग आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच अंक साधारणपणे ३.८ ते ४.५ असतो. अनेक रोगजंतू या आंबट परिसरात टिकाव धरू शकत नाहीत.

मग कॅन्डिडाचे काय? कित्येकांची अशी समजूत असते की, आम्लता कमी झाल्यामुळेच किण्वसंसर्ग होतो. वस्तुस्थिती तशी नाही. कॅन्डिडा आम्लात सहज जगते आणि किण्वसंसर्ग झालेल्या स्त्रीचा पीएच बहुधा नेहमीइतकाच राहतो. तेव्हा लिंबाच्या किंवा सिरक्याच्या पाण्याने आतून धुतल्याने हा संसर्ग हटेल, ही आशा व्यर्थ होय. कॅन्डिडाला आवरून धरले जाते ते केवळ आम्लाने नव्हे. जागा व अन्न यांसाठी उपकारक जीवाणूंशी होणारी स्पर्धा, त्या जीवाणूंची इतर द्रव्ये आणि शरीराची प्रतिकारशक्ती या सर्वांचा त्यात वाटा असतो.

आणखी एक भ्रम येथेच दूर केला पाहिजे. थोडासा पातळ, रंगहीन किंवा दुधट, वास न येणारा स्राव हा निरोगी स्त्रीच्या शरीराचा धर्मच आहे. पाळीच्या चक्राबरोबर त्याचे स्वरूप बदलते. दोन पाळ्यांच्या मधल्या काळात तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट व ताणला जाणारा होतो. गरोदरपणी त्याचे प्रमाण वाढते. आपली हाडे झिजून त्यांचे पाणी अंगावरून जाते, ही देशाच्या अनेक भागांत आढळणारी समजूत निराधार आहे. अशा नैसर्गिक स्रावामुळे शक्तिपात होत नाही व त्यावर औषधही लागत नाही.

समतोल केव्हा ढळतो?

प्रजननक्षम वयातील स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ७५ जणींना आयुष्यात एकदा तरी किण्वसंसर्ग होतो. एवढ्या प्रमाणावर आढळणाऱ्या आजारास कोणाच्याही शीलाशी किंवा स्वच्छतेशी जोडणे अन्यायाचे आहे. हा संसर्ग लैंगिक रोगांत गणला जात नाही. तो अविवाहित मुलीस होतो, शरीरसंबंध कधीही न आलेल्या स्त्रीसही होतो. वसतिगृहात राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने अशी तक्रार सांगितली, तर तिच्याकडे संशयाने पाहणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

समतोल बिघडविणारी काही कारणे सुपरिचित आहेत. घसादुखी, खोकला किंवा मूत्रमार्गाचा विकार यांसाठी घेतलेली प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर उपकारक जीवाणूंनाही मारतात. किण्वावर मात्र त्यांचा परिणाम होत नाही. रखवालदार गेला की चोराला रान मोकळे मिळते. गरोदरपणी ईस्ट्रोजेन वाढते आणि किण्वाच्या वाढीस अनुकूलता मिळते. नियंत्रणात नसलेला मधुमेह हे एक मोठे कारण आहे. किंबहुना वरचेवर होणारा किण्वसंसर्ग ही कधी कधी मधुमेहाची पहिली सूचना असते. मधुमेहावरील काही नवी औषधे जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती घेणाऱ्या स्त्रियांतही हा संसर्ग अधिक आढळतो. स्टेरॉइड औषधे, एचआयव्हीची बाधा आणि प्रतिकारशक्ती क्षीण करणारे इतर विकार यांचीही गणना येथे करावी लागेल. तथापि पुष्कळ वेळा यांपैकी कोणतेच कारण सापडत नाही.

पाळी सुरू होण्यापूर्वीच्या वयात आणि पाळी कायमची थांबल्यानंतर ईस्ट्रोजेन कमी असते. त्यामुळे या दोन्ही काळांत हा संसर्ग विरळा. लहान मुलीस किंवा वयस्क स्त्रीस अशी तक्रार झाल्यास किण्वाचा तर्क करून स्वस्थ बसू नये. कारण बहुधा दुसरेच असते आणि ते वैद्याकडून शोधून घेतले पाहिजे.

लक्षणे

या संसर्गाचे प्रमुख लक्षण खाज हे होय. योनिमुखाभोवती तीव्र खाज सुटते आणि कित्येकदा तिच्यामुळे झोप लागत नाही. त्याबरोबर आग होते, भाग लाल होतो व सुजतो; खाजविल्याने कातडीवर बारीक चिरा पडतात. लघवी करताना जळजळते. परंतु ही जळजळ मूत्राशयात नसून लघवी सोललेल्या कातडीवरून जाताना बाहेरच्या बाहेर होते. मूत्रमार्गाच्या विकारात ती आत जाणवते व लघवीस वरचेवर जावे लागते. समागमाच्या वेळी वेदना होतात. स्राव असल्यास तो घट्ट, पांढरा, फुटलेल्या दुधासारखा गुठळीदार असतो व त्यास दुर्गंधी नसते. मात्र प्रत्येकीस असा स्राव होतोच असे नाही. काहींना केवळ खाज व लाली एवढाच त्रास होतो. पाळीपूर्वीच्या आठवड्यात लक्षणे बहुधा बळावतात.

पांढरे जाणे एकच नव्हे

वरील वर्णन वाचून आपले निदान आपणच करावे असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हा मोह फसवा आहे. अमेरिकेत किण्वसंसर्गाची औषधे दुकानातून चिठ्ठीवाचून विकत मिळतात. अशी औषधे स्वतःहून घेणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली असता त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश स्त्रियांनाच खरोखर केवळ किण्वसंसर्ग होता, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. उरलेल्यांना दुसरे विकार होते, एकाहून अधिक संसर्ग होते अथवा कोणताच संसर्ग नव्हता.

किण्वसंसर्गाशी ज्यांची गल्लत होते, असे दोन विकार मुख्य आहेत. पहिल्यात उपकारक जीवाणूंचे प्रमाण घटून इतर जीवाणू माजतात. त्यात स्राव पातळ, करड्या पांढऱ्या रंगाचा असतो. त्यास मासळीसारखा वास येतो. खाज फारशी नसते. आणि पीएच ४.५ च्या वर जातो. दुसरा विकार ट्रायकोमोनास नावाच्या एकपेशीय प्राण्यामुळे होतो. फ्रान्समधील आल्फ्रेड दोने यांनी १८३६ साली हा जीव प्रथम पाहिला. त्यात स्राव पिवळसर हिरवट, कधी फेसाळ असतो व पीएच वाढलेला असतो. हा विकार शरीरसंबंधातून पसरतो. म्हणून पती-पत्नी दोघांनाही औषध द्यावे लागते. या दोन्ही विकारांवर मेट्रोनिडॅझोलसारखी औषधे चालतात, किण्वावरील औषधे नव्हेत. उलट मेट्रोनिडॅझोलने किण्व मरत नाही. चुकीच्या कुलपाला कितीही चांगली किल्ली लावली तरी ते उघडावयाचे नाही.

निदान कसे होते?

निदानासाठी लागणारी सामग्री साधी आहे. वैद्य प्रथम बाहेरील भाग पाहतात, आतील तपासणी करतात आणि पीएच दर्शविणारा कागद स्रावात भिजवून त्याचा रंग पाहतात. त्यानंतर कापसाच्या काडीने घेतलेल्या स्रावाचा थेंब काचपट्टीवर ठेवून त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे शेकडा १० प्रमाणाचे द्रावण मिसळतात. या द्रावणाने शरीराच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात. किण्वाच्या भित्ती चिवट असल्याने त्या तशाच राहतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली कोंब फुटलेल्या पेशी व त्यांचे तंतू स्पष्ट दिसतात. काचपट्टीवर काही न दिसता लक्षणे मात्र तशीच असतील, किंवा संसर्ग पुनःपुन्हा होत असेल, तर स्रावाचे संवर्धन करून किण्वाची जाती ठरवितात.

जेथे सूक्ष्मदर्शक नाही अशा आरोग्यकेंद्रांसाठी आपल्या देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत रुजविली. योनिस्रावाच्या तक्रारीसाठी तयार केलेल्या हिरव्या रंगाच्या औषधसंचात जीवाणू व ट्रायकोमोनास यांवरील सेक्निडॅझोल आणि किण्वावरील फ्लुकोनॅझोल अशी दोन्ही औषधे एकत्र ठेवण्यात आली. अचूक निदानाची जागा हा संच घेऊ शकत नाही. परंतु प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या स्त्रीस रिकाम्या हाताने परत पाठविण्याची वेळ त्यामुळे टळते.

औषधाचा शोध : मातीने भरलेल्या बरण्या

१९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन व स्ट्रेप्टोमायसिन यांनी जीवाणूंवर विजय मिळविला. परंतु त्या विजयाबरोबर बुरशीजन्य विकार वाढू लागले. कारण उघड होते : जीवाणू मेले की किण्वास प्रतिस्पर्धी उरत नसे. बुरशीला मारणारे आणि माणसाला सोसवणारे औषध मात्र हाती नव्हते. दोघांच्याही पेशींची घडण पुष्कळ अंशी सारखी असल्याने हे काम अवघड होते.

न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यातील दोन विदुषींनी हा प्रश्न सोडविला. एलिझाबेथ ली हेझेन या जंतुशास्त्रज्ञ न्यूयॉर्क शहरात काम करीत; रेचेल फुलर ब्राउन या रसायनशास्त्रज्ञ सुमारे २४० किलोमीटर दूर ऑल्बनी येथे होत्या. ठिकठिकाणची माती आणून हेझेन तीतील सूक्ष्मजीव वाढवीत आणि ते बुरशीला मारतात की काय ते पाहत. ज्यात गुण दिसे, तो नमुना काचेच्या बरणीत घालून टपालाने ऑल्बनीस जाई. ब्राउन त्यातून क्रियाशील द्रव्य वेगळे करून परत टपालानेच पाठवीत, आणि हेझेन त्याची पुन्हा परीक्षा करीत. पुष्कळशी द्रव्ये बुरशीबरोबर प्रयोगातील प्राण्यांनाही घातक ठरली. अखेर व्हर्जिनियातील नोर्स नावाच्या कुटुंबाच्या शेतातून आणलेल्या मातीत हवा तो सूक्ष्मजीव सापडला. त्या कुटुंबावरूनच त्याचे ‘स्ट्रेप्टोमायसिस नोर्साय’ असे नामकरण झाले. १९५० साली हा शोध जाहीर झाला आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून औषधास ‘निस्टॅटिन’ म्हणू लागले. १९५४ साली ते रोग्यांस मिळू लागले. त्याच्या स्वामित्वधनापोटी जमलेले १ कोटी ३० लाखांहून अधिक डॉलर या दोघींनी स्वतःकडे न ठेवता विज्ञानाच्या कार्यास दिले.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथील संशोधक डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी पिंपरीच्याच मातीतील एका सूक्ष्मजीवापासून कवकनाशक द्रव्य मिळविले व १९६१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सूक्ष्मजीवास ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ आणि औषधास कारखान्याच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ अशी नावे मिळाली. योनिमार्गातील किण्वसंसर्ग व तोंडातील किण्वसंसर्ग यांवर त्याचा उपयोग करण्यात आला. आज त्याची जागा मुख्यत्वे नव्या औषधांनी घेतली आहे. परंतु आपल्या पायाखालच्या मातीतून आपल्या रोगावरील औषध काढता येते, हे त्या शोधाने दाखवून दिले.

निस्टॅटिन व हॅमायसिन ही किण्वाच्या पेशीवेष्टनातील अर्गोस्टेरॉल या द्रव्यास चिकटतात. वेष्टनाची घडी विस्कटते, ते गळू लागते व पेशी मरते. मानवी पेशींत अर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असते; म्हणून आपणांस अपाय कमी होतो. त्यानंतर आलेली अॅझोल वर्गातील औषधे अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत. क्लोट्रिमॅझोल हे जर्मनीतील बायर कंपनीचे औषध १९७० नंतर प्रचारात आले. पोटात घ्यावयाचे फ्लुकोनॅझोल १९९० च्या सुमारास उपलब्ध झाले.

सांप्रतचे उपचार

साध्या संसर्गावर दोन मार्ग सारखेच गुणकारी आहेत. पहिला, योनिमार्गात ठेवावयाची गोळी किंवा मलम. क्लोट्रिमॅझोलची १०० मिलिग्रॅमची गोळी रात्री झोपताना सहा ते सात दिवस ठेवतात. ५०० मिलिग्रॅमची गोळी एकदाच ठेवावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एकच मात्रा पोटात घेणे. दोन-तीन दिवसांत आराम पडू लागतो. बरे वाटले म्हणून आठवड्याचा उपचार मध्येच सोडू नये. तैलयुक्त मलमाने रबरी निरोध कमकुवत होतो, हेही ध्यानात ठेवावे. या संसर्गात पतीस औषध देण्याची सामान्यतः गरज नसते. त्यास खाज किंवा लाली असल्यासच त्याचा विचार करतात.

सूज व चिरा फार असल्यास बाहेरील औषध सात ते चौदा दिवस, किंवा फ्लुकोनॅझोलच्या दोन मात्रा ७२ तासांच्या अंतराने देतात. गरोदर स्त्रीने फ्लुकोनॅझोल पोटात घेऊ नये. तिच्यासाठी क्लोट्रिमॅझोलसारखे योनिमार्गात वापरावयाचे औषध सात दिवस देतात. फ्लुकोनॅझोलचा इतर काही औषधांशी विरोध येतो; रक्त पातळ करणारी औषधे हे त्याचे ठळक उदाहरण. म्हणून आपण घेत असलेली सर्व औषधे वैद्यास सांगावीत.

एका वर्षात तीन किंवा अधिक वेळा संसर्ग झाल्यास त्यास पुनरावर्ती संसर्ग म्हणतात. अशा वेळी प्रथम संवर्धनाने निदान पक्के करतात आणि रक्तातील साखर तपासतात. त्यानंतर फ्लुकोनॅझोलच्या तीन मात्रा पहिल्या, चौथ्या व सातव्या दिवशी देऊन पुढे सहा महिने आठवड्यास एक मात्रा देतात. कॅन्डिडा ग्लाब्राटासारख्या जातींना अॅझोल औषधे नीट लागू पडत नाहीत. त्यांच्यासाठी तज्ज्ञ ६०० मिलिग्रॅम बोरिक आम्लाची कुपी तीन आठवडे योनिमार्गात ठेवावयास सांगतात. बोरिक आम्ल पोटात गेल्यास विषारी आहे. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये, गरोदरपणी वापरू नये आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून तर मुळीच वापरू नये.

काय टाळावे, काय पाळावे

योनिमार्ग आतून साबणाने, जंतुनाशकाने किंवा पिचकारीने धुऊ नये; त्याने उपकारक जीवाणूच वाहून जातात. बाहेरील भाग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. दही लावण्याचा उपाय घरोघरी सांगतात. परंतु दह्यातील जीवाणू व योनिमार्गातील जीवाणू एकाच गोतातले असले तरी एकच नव्हेत, आणि दह्याने हा संसर्ग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. लसणाची पाकळी किंवा तत्सम तिखट पदार्थ आत ठेवल्यास कातडी भाजते. दुकानात मिळणारी खाजेवरील मिश्र मलमे पुष्कळदा तीव्र स्टेरॉइडयुक्त असतात. त्यांनी खाज तात्पुरती दबते, कातडी पातळ होते आणि बुरशी बळावते. प्रतिजैविके गरजेशिवाय व सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. सुती, सैल अंतर्वस्त्रे वापरावीत. ओले कपडे फार वेळ अंगावर ठेवू नयेत. पाळीची कापडे धुऊन उघड्या उन्हात वाळवावीत, लाजेने अंधाऱ्या कोनाड्यात नव्हे.

पुढील प्रसंगी विलंब न करता वैद्याकडे जावे : तक्रार प्रथमच उद्भवली असेल; ओटीपोटात दुखत असेल किंवा ताप असेल; स्रावास दुर्गंधी असेल किंवा त्यात रक्त असेल; फोड अथवा व्रण दिसत असतील; स्त्री गरोदर असेल किंवा तिला मधुमेह असेल; उपचार पूर्ण करूनही आराम पडला नसेल. यांपैकी काही लक्षणे किण्वसंसर्गाची नसून अधिक गंभीर विकाराची असू शकतात.

तपासणीस काही मिनिटे लागतात व औषधास फार तर एक आठवडा. त्यांच्या आधी मात्र एक पायरी चढावी लागते, आणि ती चढविण्याचे काम वैद्याचे नसून घराचे व शाळेचे आहे. ज्या घरात मुलगी आपल्या आईस ‘मला खाज सुटते’ हे ‘मला ताप आला आहे’ इतक्याच सहजतेने सांगू शकते, आणि ज्या शाळेत शरीरविज्ञानाच्या तासाला ही पाने वगळली जात नाहीत, तेथे हा आजार वर्षानुवर्षे मुक्काम करू शकत नाही.